दाखल क्रमांक नसलेले काम

ग्रंथालयात पुस्तक आले की आधी त्याची नोंद होते, मग ते कपाटात जाते. दाखल नोंदवहीच्या आडव्या पानावर तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या, किंमत, विक्रेता, बिलाचा क्रमांक असे रकाने भरले जातात आणि त्या ओळीला एक क्रमांक मिळतो. तोच क्रमांक शीर्षकपृष्ठावर, शेवटच्या पानावर आणि ग्रंथालयाने स्वतःशीच ठरवलेल्या एका गुप्त पानावर पडतो. कुणी पहिले पान फाडले तरी पुस्तक कुणाचे ते सांगता यावे म्हणून. पुढे पुस्तक हरवले, फाटले, रद्दीत गेले, तरी शेऱ्याच्या रकान्यात त्याची हकिगत लिहावी लागते. ऐंशी रुपयांच्या गाइडबाबत इतका काटेकोर असणारा महाविद्यालयीन ग्रंथपाल स्वतःच्या कामाची मात्र नोंद ठेवत नाही. पदोन्नतीची तारीख जवळ आली की कपाटातून प्रमाणपत्रे निघतात, गेल्या वर्षी पदोन्नती मिळालेल्या सहकाऱ्याची फाइल नमुन्यासाठी मागवली जाते, झेरॉक्सचे गठ्ठे होतात, स्पायरल बाइंडिंग होते आणि सहा वर्षांची नोकरी अडीच इंच जाडीच्या बाडात बसते. त्या बाडात सगळे असते. या माणसाने ग्रंथालयात नेमके काय केले आणि त्यामुळे तिथे काय बदलले, एवढेच त्यात सापडत नाही.

फाइल लावणे आणि निवेदन लिहिणे ही दोन निराळी कामे आहेत, असे मानून हे पुस्तक लिहिले आहे. फाइलीत कागद एकावर एक रचलेले असतात. निवेदनात एक म्हणणे असते, ते टप्प्याटप्प्याने मांडलेले असते आणि प्रत्येक टप्प्याला आधाराचा कागद जोडलेला असतो. वकील दावा लिहितो तेव्हा परिशिष्टे शेवटी जातात आणि दाव्यातल्या परिच्छेदातून त्यांच्याकडे बोट दाखवलेले असते. आपल्याकडे परिशिष्टेच दावा होऊन बसतात. ग्रंथपालाच्या बाबतीत हे जास्त महागात पडते, कारण त्याचे काम चांगले झाले तर दिसत नाही. पुस्तक जागेवर सापडले तर वाचकाला त्यात नवल वाटत नाही; सापडले नाही तरच ग्रंथपालाची आठवण होते. न दिसणारे काम कागदावर आणायचे तर ते कुणीतरी लिहावे लागणार, आणि ते लिहू शकणारा माणूस एकच आहे.

आधी नियमांकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्या लागू असलेले विनियम १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित झाले आणि महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने ते राज्यात लागू केले. महाविद्यालयीन ग्रंथपालाची नेमणूक शैक्षणिक स्तर १० वर होते. तिथून ११, मग १२ आणि पुढे १३-अ अशी कॅसची, म्हणजे करिअर ॲडव्हान्समेंट स्कीमची, वाट आहे. पहिल्या टप्प्यासाठी पीएच.डी. असेल तर ४ वर्षे, एम.फिल. असेल तर ५ आणि दोन्ही नसेल तर ६ वर्षे सेवा लागते. शिवाय २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि स्वयंचलन, डिजिटायझेशन वगैरे विषयांवरचे किमान ५ दिवसांचे प्रशिक्षण. २०१० च्या विनियमांतली गुणांची बेरीज, म्हणजे ते सुप्रसिद्ध एपीआय, ग्रंथपालांपुरती गेली आणि तिच्या जागी दर वर्षाला ‘चांगले’, ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ अशी श्रेणी आली. अर्ज वेळेवर केला आणि मान्य झाला तर पदोन्नती पात्रतेच्या तारखेपासून धरतात. नामंजूर झाला तर पुन्हा मूल्यमापनासाठी वर्षभर थांबावे लागते. ही पदोन्नती व्यक्तीची असते, पदाची नसते. माणूस निवृत्त झाला की पद मूळ स्तरावर परत येते. म्हणजे इथे जे लिहायचे ते ग्रंथालयाचे वर्णन नव्हे, त्या व्यक्तीने तिथे घातलेली भर आहे. बहुतेक फाइली इथेच वाट चुकतात. त्यांत इमारतीचे क्षेत्रफळ असते, ग्रंथसंख्या असते, वाचनकक्षाची रंगीत छायाचित्रे असतात. आणि हे सगळे ग्रंथपाल रुजू होण्यापूर्वीही तसेच होते की काय, याचा पत्ता लागत नाही.

आता विनियमांच्या दुसऱ्या परिशिष्टातला चौथा तक्ता समोर ठेवा. ग्रंथपालाचे वर्षाचे मूल्यमापन त्यातल्या ५ बाबींवर होते. पहिली बाब उपस्थितीची: ९० टक्के वा अधिक दिवस हजर तर ‘चांगले’, ८० ते ९० मध्ये ‘समाधानकारक’. दुसरी चर्चासत्रे आणि कार्यशाळांची, तिसरी संगणकीय तालिकेची, चौथी ग्रंथपडताळणी आणि गहाळ पुस्तकांची, पाचवी इतर कामांची; तिच्यात ग्रंथालय नेटवर्क, लघु अभ्यासक्रम, प्रवेश व परीक्षांच्या कामातली मदत, शोधनिबंध असे पर्याय आहेत. एकूण श्रेणीसाठी पहिली बाब हवीच आणि उरलेल्यांपैकी कोणत्याही दोन, पण त्या दोनांत चौथी असलीच पाहिजे. बारकाईने वाचले तर या तक्त्यातली एक गोष्ट खटकते. पुस्तके व नियतकालिके यांची मांडणी आणि निगा, संशोधकांना संदर्भ शोधून देणे, वाचकसेवा, संस्थेचे संकेतस्थळ अद्ययावत ठेवायला मदत करणे ही सगळी कामे पहिल्या बाबीत येतात. ‘ग्रंथालयात हजर असताना हे करणे अपेक्षित आहे’ अशा भाषेत ती नोंदवली आहेत आणि त्या बाबीची श्रेणी मात्र केवळ हजेरीच्या टक्क्यांवर ठरते. ग्रंथपालनाचा गाभा हजेरीच्या पोटात गेला आहे. नव्वद टक्के दिवस येऊन गल्ल्यामागे बसलेला ग्रंथपाल आणि तितकेच दिवस येऊन पन्नास संशोधकांचे संदर्भ शोधून देणारा ग्रंथपाल या रकान्यात एकाच ओळीत उभे राहतात. तुलना म्हणून अध्यापकांचा पहिला तक्ता पाहिला तर त्यांना ८० टक्के तासिकांवर ‘चांगले’ मिळते; ग्रंथपालाचा उंबरठा १० टक्क्यांनी उंच आहे, आणि तो ओलांडून तो काय करतो हे विचारायला मात्र रकाना नाही.

तक्ता इतका तोकडा असेल तर तो तेवढा भरून द्यावा आणि मोकळे व्हावे, असा निष्कर्ष कुणी काढेल. माझा निष्कर्ष उलटा आहे. जे काम तक्ता मोजत नाही, तेच निवेदनात सर्वांत आधी आणि सर्वांत सविस्तर यायला हवे. तक्त्याखालच्या टिपाही त्याला वाव देतात: प्रसिद्ध निबंध, प्रमाणपत्रे, पूर्ण झालेले प्रकल्प यांचे पुरावे ग्रंथपालाने जोडायचे आहेत आणि वाचकांच्या तक्रारींची नोंद कशी ठेवली, त्यांतल्या किती निकाली काढल्या, हा तपशीलही पदोन्नतीच्या समितीपुढे ठेवता येतो. ही शेवटची टीप क्वचितच कुणी वापरतो. तक्रारवही दाखवायची म्हणजे आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध पुरावा द्यायचा, अशी एक धास्ती असते. पण ‘संध्याकाळी वाचनकक्ष लवकर बंद होतो’ ही विद्यार्थ्याच्या अक्षरातली तक्रार, तिच्याखाली ग्रंथालय समितीच्या ठरावाची तारीख आणि वाढवलेली वेळ, एवढे एक पान वीस प्रमाणपत्रांपेक्षा जास्त सांगते.

चौथी बाब जरा जवळून पाहू, कारण ती टाळता येत नाही. पडताळणी केली आणि गहाळ पुस्तके ०.५ टक्क्याहून कमी निघाली तर ‘चांगले’, १ टक्क्याहून कमी तर ‘समाधानकारक’. पडताळणीच केली नाही किंवा १ टक्का वा त्याहून जास्त पुस्तके गहाळ निघाली तर ‘असमाधानकारक’. उदाहरणासाठी एक ग्रंथालय घेऊ. दाखल क्रमांक ४२,००० पर्यंत गेले आहेत, त्यांतली ३,५०० पुस्तके रीतसर निर्लेखित झाली आहेत, म्हणजे कपाटांत ३८,५०० असायला हवीत. पडताळणीच्या पहिल्या फेरीत ३१० सापडली नाहीत. टक्केवारी निघते ०.८१, श्रेणी ‘समाधानकारक’, आणि बहुतेक फाइली इथेच थांबतात. पण दुसऱ्या फेरीत विभागांची कपाटे उघडली तर त्यांतली ९६ तिथे निघतात. रसायनशास्त्राची सर्वाधिक, ती वर्षानुवर्षे प्रयोगशाळेशेजारच्या कपाटातच आहेत. आणखी ३० बाइंडरकडे अडकलेली किंवा चुकीच्या वर्गांकाखाली बसलेली सापडतात. उरली १८४, टक्केवारी ०.४८, श्रेणी ‘चांगले’. चोर तेवढेच, पुस्तकेही तेवढीच. बदलली ती फक्त नोंद. आणि ही नोंद पडताळणी चालू असतानाच करावी लागते, तीन वर्षांनी अर्ज भरताना ती तयार करता येत नाही. निवेदनात म्हणून नुसती टक्केवारी लिहू नये. भाजक कोणता धरला, निर्लेखनाचे ठराव कोणत्या तारखांचे, दुसरी फेरी कशी झाली, हे चार ओळींत सांगावे. समितीला नमुना म्हणून चार पुस्तके काढून पाहायची असतील तर ती इथेच पाहील.

याच बाबीत एक मोठी अडचण लपली आहे आणि तिच्याबद्दल मोघम बोलून चालणार नाही. ज्याची कपाटे कुलपात, त्याची पुस्तके हरवत नाहीत. मुक्त प्रवेश देणाऱ्या, मुलांना कपाटांपर्यंत जाऊ देणाऱ्या ग्रंथालयात थोडी पुस्तके जाणारच. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपली पंचसूत्री ग्रंथरूपाने मांडली ती पुस्तके वापरात यावीत या आग्रहापासून सुरू होते; आणि आपला तक्ता पुस्तके जपणाऱ्याला बक्षीस देतो. तिसऱ्या बाबीतही असाच तिढा आहे. संगणकीय तालिका असलेल्या ग्रंथालयात ९९ टक्के नोंदी झाल्या तर ‘समाधानकारक’ आणि १०० टक्के झाल्या तरच ‘चांगले’. तालिका संगणकावर नसेल तर ९० टक्के अद्ययावत असली तरी ‘समाधानकारक’ मिळते. पुढे गेलेल्याची परीक्षा अधिक कडक. यावर कुरकुर करण्यापेक्षा निवेदनात दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत: मुक्त प्रवेश सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची वार्षिक देवघेव, आणि त्याच दोन काळांतली गहाळ पुस्तके. कोहा, सोल, स्लिम, कोणतीही प्रणाली असो, देवघेवीचा तारीखवार अहवाल ती देतेच. देवघेव दुप्पट झाली आणि तूट दशांश दोनने वाढली, हे वाचल्यावर समितीतल्या कोणाही विचारी माणसाला त्या दशांश दोनचे मोल कळेल. हा युक्तिवाद तक्त्याच्या चौकटीत बसत नाही. मजकूर लिहायचा तो त्यासाठीच.

पुराव्यांबद्दल थोडे. २०२० च्या टाळेबंदीत वेबिनारांचा आणि त्यांच्या ई-प्रमाणपत्रांचा जो पूर आला, त्याने प्रमाणपत्र या वस्तूची किंमत उतरवून ठेवली. त्याच काळात वाचनकक्षाला कुलूप असताना विद्यार्थ्यांना एन-लिस्टचे पासवर्ड मिळवून देणे, व्हॉट्सॲपवर मागितलेले प्रकरण स्कॅन करून पाठवणे, प्राध्यापकांना शोधगंगेवरचे प्रबंध शोधून देणे हे काम कितीतरी ग्रंथपालांनी केले आणि त्याचा कागद आज जवळजवळ कुणाकडे नाही. कागद मिळू शकतो, फक्त तो कुठे पाहायचा ते ठाऊक हवे. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात. त्यांच्या ऋणनिर्देशात ग्रंथपालाचे नाव असते, पानाच्या क्रमांकासह असते आणि कुणालाही तपासता येते. पाठवलेल्या ईमेलना तारखा असतात. नॅकच्या चौथ्या निकषात ग्रंथालयावर स्वतंत्र भाग असल्याने दर वर्षीचे आकडे महाविद्यालयाने कुठेतरी भरलेले असतातच. हे कागद समोर असले की वाक्येही आपोआप बदलतात. ‘वाचकांना उत्तम व तत्पर सेवा दिली’ या वाक्याला पुरावा जोडता येत नाही, म्हणून ते कितीही मोठ्या टाइपात छापले तरी पोकळच राहते. ‘तृतीय वर्ष वाणिज्यच्या प्रकल्पांसाठी जुलै महिन्यात तीन सत्रे घेतली, विद्यार्थ्यांच्या सह्यांचे तक्ते परिशिष्ट ७ मध्ये, सत्रांनंतरच्या तिमाहीत व्यवसाय नियतकालिकांची मागणी किती वाढली ते परिशिष्ट ८ मध्ये’ हे रूक्ष वाटले तरी त्याला हात लावून पाहता येते. विशेषणे गाळली की निवेदन निम्म्याने आखडते, आणि उरलेल्या जागेत कारणे लिहायला वाव मिळतो.

स्वतःबद्दल लिहिणे म्हणजे आत्मस्तुती, हा पहिला आक्षेप. मराठी मध्यमवर्गीय संकोच त्यामागे आहे आणि तो अगदीच वाईट नाही. पण निवेदनाला स्तुती लागतच नाही, तिथे नोंद लागते. दाखल नोंदवहीत कुणी ‘अप्रतिम पुस्तक’ असे लिहीत नाही. संकोचाची दुसरी बाजू अधिक खरी आहे: ग्रंथालयाचे काम एकट्याचे नसते. पुस्तके खाली-वर करणारा परिचर, देवघेव सांभाळणारा लिपिक, तासिका तत्त्वावरचा मदतनीस यांच्या श्रमावर ‘मी’ लिहायला जीभ चाचरते, आणि चाचरायलाच हवी. त्यावर ‘आम्ही’ हा उपाय नाही. त्याने कुणाचेच काम कळत नाही. संगणकीय नोंदी कुणी केल्या, त्यांचे प्रमाणीकरण कुणी केले, योजना कुणाची होती, हे नेमके लिहावे. सहकाऱ्याचा वाटा स्पष्ट लिहिला की उरलेला वाटा आपला, हे वाचणाऱ्याला निःशंकपणे पटते.

समिती वाचत नाही, प्रमाणपत्रे मोजते आणि सही करते, हा दुसरा आक्षेप, आणि तो धुडकावून लावण्यासारखा नाही. एका दिवसात अनेक फाइली उरकायच्या असतात, समितीतले सगळे सदस्य ग्रंथालयशास्त्राचे नसतात, आणि त्यांतल्या काहींनी ग्रंथालय फक्त गल्ल्याच्या अलीकडून पाहिलेले असते. नेमके म्हणूनच पहिली दोन पाने महत्त्वाची. घाईत असलेला वाचक दोन पाने वाचतो, बाड वाचत नाही. शिवाय फाइलीचा प्रवास समितीपाशी संपत नाही. ती सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीसाठी जाते, लेखापरीक्षणात पुन्हा उघडते, एखादी त्रुटी निघाली तर वर्षांनंतर परत येते. तेव्हा समितीत कोण काय बोलले हे कुणाला आठवत नाही. कागदावर जे लिहिले तेवढेच उरते.

तिसरा आक्षेप ग्रामीण, एकखांबी ग्रंथालयांचा. तिथे ग्रंथपालच परिचर, लिपिक, कधी परीक्षा विभागाचा हक्काचा माणूस. त्याने निवेदनाची चैन कधी करायची? या आक्षेपात राग आहे आणि तो रास्त आहे. १९५७ मध्ये आयोगाने रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने ग्रंथपालांना अध्यापकांच्या बरोबरीचे वेतन व दर्जा मिळावा अशी शिफारस केली. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात अध्यापकाच्या व्याख्येत ग्रंथपालही येतो. दर्जा कागदावर आला, मदतनीस मात्र आला नाही. पण म्हणूनच अशा ग्रंथपालाने परीक्षा, प्रवेश, निवडणूक या कामांचे आदेश जपून ठेवावेत. पाचव्या बाबीत प्रशासकीय मदत मोजली जाते, आणि उरलेल्या वेळात ग्रंथालय कसे चालवले हे सांगताना तेच आदेश त्याच्या बाजूने साक्ष देतात. जे झाले नाही तेही लिहावे. एखाद्या वर्षी चर्चासत्र घेता आले नाही तर ते लपवण्याचे कारण नाही. विनियम स्वतःच ४ पैकी ३, ५ पैकी ४ किंवा ६ पैकी ५ वर्षांची श्रेणी पुरेशी मानतात. एक कच्चे वर्ष कारणासह मान्य केले की बाकीच्या वर्षांवर विश्वास बसतो. लागणारा वेळ म्हणाल तर महिनाअखेरीस अर्धे पान: काय केले, कुणासाठी, कागद कोणत्या फाइलीत. वर्षाची सहा पाने होतात.

नियमच बदलणार असतील तर एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा जाहीर केला आहेच. २०१० चा हिशेब २०१८ ला चालला नाही, २०१८ चा पुढे चालेलच असे नाही. पण तक्ते बदलले तरी ते भरण्यासाठी लागणारा माल तोच राहतो. गुण मागा, श्रेणी मागा वा वर्णन मागा, देवघेवीचा अहवाल, पडताळणीचे टिपण, सत्रांचे हजेरीपत्रक आणि वाचकाची तक्रार यांच्यातूनच ते द्यावे लागेल. ज्यांनी केवळ तक्त्याच्या आकारात कागद जमवले, त्यांची पंचाईत दर नव्या विनियमाला होते. म्हणून पुढील प्रकरणांची मांडणी कोणत्याही एका तक्त्याच्या क्रमाने केलेली नाही. ती ग्रंथालयाच्या कामाच्या क्रमाने आहे: संग्रह, नोंद, सेवा, शिक्षण, प्रशासन, आणि प्रत्येक ठिकाणी सध्याच्या विनियमांतली कोणती बाब लागू होते ते समासात दिले आहे.

पुढचे प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने एवढे करावे: आपल्या ग्रंथालयातली शेवटची ग्रंथपडताळणी कोणत्या तारखेला पूर्ण झाली, न सापडलेल्या पुस्तकांची यादी कुठे आहे आणि तिच्यावर सही कुणाची आहे, ते आजच पाहून कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.